दोन पानं, एक कळी आणि दोन गुंठे

परीक्षा संपली की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘चला, कुठे जायचं?’ मग मुन्नार, उटी, दार्जिलिंग अशी नावं येतात. हिरवेगार मळे, पाठीवर टोपली घेतलेल्या बायका, ढगात शिरणारी गाडी. रील आधीच ठरलेलं असतं, तिकीट नंतर काढलं जातं. आता या यादीत सायकलही आली आहे. पुण्या-मुंबईतून सिंहगड, लोणावळा मारून झालेली मंडळी हिमालयाच्या पायथ्याशी सायकल घेऊन उतरू लागलीत.

त्यातलंच एक दार्जिलिंग. या नावाच्या बातम्या गेल्या काही वर्षांत सतत येत आहेत. चहाचं उत्पादन घसरलं, बोनससाठी बंद झाला, मळ्यात हॉटेलं उभारायला परवानगी मिळाली, दरड कोसळून माणसं गेली, नवे कामगार कायदे लागू झाले. या बातम्या आपण सुट्या सुट्या वाचतो. पण सिलिगुडीहून कर्सियांगपर्यंत एक दिवस सायकल चालवली, तर त्या सगळ्या एकाच रस्त्यावर, एकामागून एक भेटतात. गाडीच्या काचेतून त्या दिसणार नाहीत, कारण गाडी तासाला चाळीसने जाते आणि चढावर सायकल सातने. म्हणून हा रूट आणि त्यावरचे प्रश्न एकत्रच बघू.

चढाचं गणित

सिलिगुडी शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम १२० मीटर उंचीवर आहे. कर्सियांग १,४५० मीटरच्या पुढे. अंतर जुन्या हिल कार्ट रोडने साधारण ५० किलोमीटर. सिंहगडाच्या पायथ्यापासून वर जाताना आपण साधारण ७०० मीटर चढतो, म्हणजे एका दिवसात जवळजवळ दोन सिंहगड. तिथून पुढे घूमपर्यंत गेलात तर २,२५८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा ६०० मीटर उंच. पण ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

कर्सियांगला जायला दोन मुख्य रस्ते आहेत. रोहिणीचा रस्ता नवा आणि जवळचा, म्हणून टॅक्सी आणि गाड्या तिकडून जातात. हिल कार्ट रोड हा १८६० च्या दशकातला. त्याच्या कडेकडेने १८८१ मध्ये दोन फुटी रुळांची रेल्वे टाकली गेली. तीच आपली टॉय ट्रेन, १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली. सायकलसाठी हाच रस्ता बरा, कारण गर्दी कमी आणि चढ अंगावर न येणारा. वाफेच्या इंजिनाला झेपेल एवढाच चढ इथे आहे, आणि इंजिनाला जे झेपतं ते बहुतेक वेळा गुडघ्यांनाही झेपतं. फक्त रूळ पुन्हा पुन्हा रस्ता ओलांडतात, तेवढं लक्षात ठेवा. ओल्या रुळावर चाक तिरकं गेलं की सायकलस्वार खाली. रूळ सरळ काटकोनात ओलांडायचे, चढतानाही आणि उतरतानाही.

पहाटे निघा. सिलिगुडीतून बाहेर पडताना रिक्षा, ट्रक, लष्कराच्या गाड्या. दहाएक किलोमीटरवर सुकना येतं आणि शहर एकदम संपतं.

सुकना : आपल्या टपरीचा चहा

सुकन्याच्या आसपास पहिले मळे दिसतात. सपाट जमीन, मध्ये सावलीसाठी लावलेली झाडं, कमरेएवढी छाटलेली झुडपं. फोटो काढून ‘दार्जिलिंग टी’ असं लिहून टाकण्याचा मोह होतो. पण थांबा, हा दार्जिलिंग चहा नव्हे.

डोंगराच्या पायथ्याच्या या पट्ट्याला तराई म्हणतात. इथली पानं बहुतेक सीटीसी पद्धतीच्या कारखान्यात जातात. तिथे ती चिरडून, फाडून, गोळी करून त्यांचा तो बारीक दाणेदार चहा होतो, जो आपण दुधात उकळतो. कॉलेजबाहेरच्या टपरीवरचं कटिंग या दाण्याशिवाय होत नाही. आसाम, डुआर्स आणि तराई हे आपल्या रोजच्या चहाचे प्रदेश.

इथून पुढे महानंदा अभयारण्याचं जंगल लागतं. हत्तींचा इलाखा आहे, उजाडल्याशिवाय आत शिरू नका. जंगल संपून चढ सुरू झाला की मळे बदलतात. झुडपं लहान, उतार तीव्र आणि पानं बारीक. १८४१ मध्ये आर्चिबाल्ड कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने दार्जिलिंगमध्ये चहाची लागवड करून पाहिली आणि पुढच्या वीस वर्षांत इथले डोंगर मळ्यांनी भरले. चिनी जातीची ती झुडपं थंडीत आणि धुक्यात हळू वाढतात, म्हणून त्यांना तो वेगळा सुगंध येतो. हे पान चिरडत नाहीत. ते वाळवून, वळून, जसंच्या तसं राखलं जातं. दूध घातलं की त्याची चव गेलीच. ‘दार्जिलिंग चहा’ या नावाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आज आपण हापूस, पैठणी, नाशिकची द्राक्षं यांच्या मानांकनाबद्दल बोलतो, पण देशात ही नोंद सगळ्यात आधी झाली ती याच चहाची. डोंगरातल्या ८७ मळ्यांनाच हे नाव वापरता येतं.

म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर सायकल मारून आपण टपरीच्या चहातून जगातल्या सगळ्यात महागड्या चहांपैकी एकात शिरतो. २०१४ मध्ये कर्सियांगजवळच्या मकाईबारी मळ्याचा एक खास चहा किलोला १,८५० डॉलरने विकला गेला होता. त्या काळात डोंगरातल्या कामगाराची रोजची मजुरी शंभर रुपयांच्या आत होती.

आणि आज? तराईतला कामगार असो, डुआर्समधला असो की दार्जिलिंगच्या डोंगरातला, २०२३ च्या जूनपासून ठरलेला दर एकच आहे. दिवसाला २५० रुपये.

तीनधरिया : २५० रुपयांत काय येतं?

तीनधरिया साधारण ८५० मीटरवर आहे. टॉय ट्रेनची जुनी कार्यशाळा इथेच. पाय भरून आलेले असतात, म्हणून थांबणं होतंच. रस्त्याच्या खालच्या अंगाला मळ्यात काम चाललेलं असतं. कपाळावर पट्टा आणि त्याला लटकलेली पाठीवरची टोपली, जिला नेपाळीत डोको म्हणतात. दोन्ही हातांनी खुडणं चालू. दोन पानं आणि मधली कळी, बस, तेवढंच घ्यायचं. एक किलो चहा तयार व्हायला साधारण चार ते साडेचार किलो हिरवी पानं लागतात. ज्या उतारावर आपल्याला नुसतं उभं राहायला जमणार नाही, तिथे या बायका दिवसभर चालतात. मळ्यांतल्या कामगारांत निम्म्याहून जास्त बायकाच आहेत.

आता हिशोब करू. महिन्यात २६ दिवस काम धरलं तरी २५० च्या दराने साडेसहा हजार रुपये होतात. २०२५-२६ साठी केंद्र सरकारने पश्चिम बंगालकरता रोजगार हमीचा दर २६० रुपये ठरवला होता. म्हणजे रस्त्याकडेची माती टाकण्याच्या कामाचा अधिकृत दर हा जगप्रसिद्ध चहा खुडण्यापेक्षा दहा रुपयांनी जास्त. चहा कामगारांचं किमान वेतन ठरवण्यासाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये समिती नेमली. दहा वर्षं झाली तरी किमान वेतन न ठरवता अधूनमधून ‘अंतरिम वाढ’ देऊन वेळ मारून नेली गेली.

मालकांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती सगळीच खोटी नाही. त्यांचं म्हणणं, रोख मजुरीखेरीज आम्ही घर, दवाखाना, पाळणाघर, जळण देतो, त्याचीही किंमत धरा. शिवाय डोंगरातलं उत्पन्न हेक्टरी फार कमी असतं, सपाटीच्या मळ्यांच्या काही पटींनी कमी. यंत्राने खुडायचं तर उतार आड येतो. खर्चात सगळ्यात मोठा वाटा मजुरीचाच असतो.

आणि धंदा खरंच खाली चालला आहे. २०१६ मध्ये दार्जिलिंगचं उत्पादन सुमारे ८१ लाख किलो होतं. २०१७ मध्ये गोरखालँडच्या आंदोलनात डोंगर शंभराहून जास्त दिवस बंद राहिला. ऐन हंगाम गेला, मळ्यांत गवत माजलं आणि उत्पादन ३२ लाख किलोवर आलं. परदेशी गिऱ्हाईक थांबलं नाही, दुसरीकडे वळलं. मग गाडी पुन्हा रुळावर येईल असं वाटलं, पण २०२४ मध्ये आकडा सुमारे ५६ लाख किलोच होता.

कारणं एकमेकांत अडकलेली आहेत. झुडपं म्हातारी झालीत, कित्येक मळ्यांत इंग्रजांच्या काळातली. ती उपटून नवी लावायची तर काही वर्षं त्या जमिनीतून काहीच मिळत नाही. हवामान बदललंय. कर्सियांगच्या चहा संशोधन केंद्राच्या नोंदींनुसार १९९३ ते २०१२ या वीस वर्षांत तापमान सुमारे अर्ध्या अंशाने वाढलं आणि वर्षाचा पाऊस सुमारे १५० मिलिमीटरने घटला. मार्च-एप्रिलचा पहिला बहर म्हणजे ‘फर्स्ट फ्लश’ आणि मे-जूनचा दुसरा, यांच्यावर मळ्यांची बरीचशी कमाई असते. त्या वेळेला पाऊस रुसला की वर्ष गेलं. तिसरं कारण सीमेपलीकडचं. नेपाळचा इलाम जिल्हा इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथलाही चहा चांगला, पण स्वस्त. तो आणून दार्जिलिंगच्या नावाने विकला जातो, अशी इथल्या मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे.

चौथं कारण चढावर भेटणाऱ्या तुमच्याच वयाच्या पोरा-पोरींकडे बघून कळतं. ती शाळेच्या, कॉलेजच्या गणवेशात असतात, मळ्यात नसतात. २५० रुपयांसाठी आईने आयुष्य घालवलं. लेकीला बंगळूरला किंवा दिल्लीला ब्युटी पार्लरमध्ये, हॉटेलात, कॉल सेंटरमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट मिळतात. मग मळ्यात कोण उतरणार? पानं खुडायला माणसं नाहीत हे मालकही सांगतात. मजुरी कमी म्हणून माणसं जातात, माणसं गेली म्हणून पान खुडलं जात नाही, पान नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून मजुरी वाढत नाही.

पागलाझोरा : डोंगर खाली येतो तेव्हा

तीनधरियाच्या पुढे पागलाझोरा लागतो. झोरा म्हणजे ओढा. याला पागल म्हणतात ते उगाच नाही. २०१० च्या पावसाळ्यात इथे रस्ता आणि रूळ दोन्ही दरीत गेले. पुढच्याच वर्षी तीनधरियालाही मोठी दरड आली. टॉय ट्रेनला सिलिगुडीपासून दार्जिलिंगपर्यंत पुन्हा सलग धावायला २०१५ चा डिसेंबर उजाडला. सायकलवर असलात की इथे डांबराचा रंग बदललेला दिसतो, भिंती नव्या दिसतात, आणि खाली बघितलं की पोटात गोळा येतो.

हे डोंगर मुळातच कच्चे. त्यात उतारावरचं जंगल तोडून मळे आले, मग रस्ते, मग गावं, मग बहुमजली हॉटेलं. १९६८ च्या ऑक्टोबरमधली अतिवृष्टी इथले म्हातारे अजून विसरलेले नाहीत. कर्सियांगखालच्या आंबुटिया मळ्यात तेव्हा जी दरड कोसळली तिचा व्रण अजून दिसतो. आणि २०२५ च्या ४-५ ऑक्टोबरच्या रात्री तेच पुन्हा झालं. मिरिक आणि आसपासच्या भागात दरडी कोसळल्या, वीसहून जास्त माणसं गेली, बालासन नदीवरचा दुधियाचा लोखंडी पूल मोडला आणि सिलिगुडी-मिरिक रस्ता तुटला. दुर्गापूजेची सुट्टी असल्याने पर्यटक अडकले. टीव्हीवर आपण त्यांनाच जास्त पाहिलं. मेलेल्यांत मळ्यांच्या वस्त्यांमधली माणसं बरीच होती.

ही गोष्ट एकट्या दार्जिलिंगची नाही. केरळमध्ये मुन्नारजवळच्या पेट्टिमुडीत ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री चहा कामगारांच्या चाळींवर डोंगर आला आणि ७० जण गेले. जुलै २०२४ मध्ये वायनाडच्या मुंडक्कई-चूरलमला भागात जी गावं गाडली गेली, तीही मळ्यांचीच. माळीण आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. सगळीकडे एक गोष्ट सारखी दिसते. घर कुठे असावं हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवलेलं नसतं. मळ्याच्या सोयीने, ओढ्याजवळ, उताराच्या तळाशी चाळी बांधल्या गेल्या आणि पिढ्यान् पिढ्या माणसं तिथेच राहिली. कारण जागा बदलायची तर जागा आपली असायला हवी.

कर्सियांग : घर कुणाचं?

दुपार कलता कलता कर्सियांग येतं. टॉय ट्रेन बाजारातून, दुकानांच्या दाराला जवळजवळ घासून जाते. इथे सायकल लावा, मोमो खा, आणि मग उतारावर काही किलोमीटर मकाईबारीकडे घ्या. १८५९ चा कारखाना, जुनी बाग, आणि भोवती कामगारांच्या वस्त्या. टिनाची छपरं, दारात झेंडूची कुंडी, मागे वेलची नाहीतर भाजीचा तुकडा, कोंबड्या. पाच-पाच पिढ्या राहिलेली घरं आहेत ही.

पण या घरांची जमीन त्यांची नाही. मळ्यांची जमीन सरकारची, ती कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिलेली, आणि कामगाराचं घर त्या पट्ट्याच्या आत. घरातलं कुणीतरी एक मळ्यात कामाला असलं तर घर. आई निवृत्त झाली की सुनेने किंवा मुलीने तिची जागा घ्यायची, नाहीतर घर जायची भीती. बंगळूरला जाऊन कमावणारी लेकही याच भीतीने घरातल्या एकाला मळ्यात ठेवते. जमिनीचा कागद नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, आणि घर वाढवायचं तर परवानगी.

म्हणून ‘परजा पट्टा’, म्हणजे रहिवाशाच्या नावाने जमिनीचा हक्क, ही इथली जुनी मागणी आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने चहा कामगारांना ५ डेसिमल जमिनीचा पट्टा द्यायचं ठरवलं. ५ डेसिमल म्हणजे आपल्या भाषेत बरोबर दोन गुंठे. तुम्ही म्हणाल, भारीच की! पण डोंगरातल्या बऱ्याच संघटनांनी याला विरोध केला. सपाटीवरच्या चाळीत राहणाऱ्याला दोन गुंठे हा फायदा असेल, पण डोंगरात लोकांकडे घर, गोठा, पायऱ्या-पायऱ्यांचं शेत मिळून त्याहून जास्त जमीन पिढ्यान् पिढ्या वहिवाटीत आहे. दोन गुंठ्यांचा कागद घेतला तर उरलेल्यावरचा हक्क गेला, अशी त्यांची भीती. आम्ही निर्वासित नाही, जी जमीन कसतो तिचाच कागद द्या, हे त्यांचं म्हणणं.

आता याच्या शेजारी दुसरी बातमी ठेवा. २०१९ च्या राज्य धोरणाने मळ्याच्या १५ टक्के जमिनीवर, जास्तीत जास्त १५० एकरांपर्यंत, पर्यटन आणि इतर धंद्यांना वाट मोकळी केली. चहाची लागवड कमी करायची नाही, कामगार काढायचे नाहीत, अशा अटी घातल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत नेण्याची घोषणा मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी केली. डोंगरात लगेच ओरड झाली. मळ्यातल्या कामगाराला द्यायला दोन गुंठे आणि हॉटेलाला द्यायला शेकडो एकर, हा हिशोब लोकांना पटला नाही.

पर्यटन नको असं कुणीच म्हणत नाही, कारण बुडत्या मळ्याला तोच आधार वाटतो. प्रश्न तो पैसा कुणाच्या दारात जातो हा आहे. मकाईबारीत याची दोन्ही रूपं एकाच उतारावर आहेत. वर पंचतारांकित हॉटेल, काचेच्या भिंतींमधून मळा दाखवणारं. खाली वस्तीत कामगार कुटुंबांनी स्वतःच्या घरात चालवलेले होमस्टे. एका ठिकाणी कामगाराच्या मुलाला गणवेश आणि पगार मिळतो, दुसऱ्या ठिकाणी त्याची आई धंद्याची मालकीण असते. पण होमस्टे वाढवायला कर्ज लागतं, कर्जाला कागद लागतो, आणि फिरून आपण परजा पट्ट्यापाशीच येतो. जमिनीचा कागद हातात असलेला कामगार पर्यटनात भागीदार होऊ शकतो. कागद नसेल तर तो पर्यटकाच्या फोटोतली मागची बाजू होऊन राहतो. मजुरी, दरड, स्थलांतर, हॉटेल या सगळ्या बातम्यांच्या मुळाशी मला तरी हा एक प्रश्न दिसतो.

संघटना आणि नवे कायदे

मग बदल होतो तरी कसा? दार्जिलिंगमध्ये २०२४ च्या पूजेआधी बोनसवरून झालेली लढत आठवा. कामगार संघटनांना २० टक्के हवा होता, मालक १३ वर अडले, सरकारने १६ सुचवला आणि ३० सप्टेंबरला डोंगरात बारा तासांचा बंद झाला. बोनस म्हणजे पूजेचे कपडे, पोरांची फी, छपराची पत्रं. दरवर्षी ही ओढाताण नव्याने होते.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, मुन्नारमध्ये, २०१५ ला एक वेगळी गोष्ट घडली. तिथल्या सगळ्यात मोठ्या चहा कंपनीने बोनस २० वरून १० टक्क्यांवर आणला. या कंपनीत कामगारांचेही समभाग होते, म्हणजे कागदावर त्याही मालकीण. हजारो बायका, बहुतेक तमिळ दलित, रस्त्यावर बसल्या. गंमत म्हणजे त्यांनी मालकांसोबत स्वतःच्या पुरुष पुढाऱ्यांनाही लांब ठेवलं, कारण युनियनचे नेते आपल्यासाठी भांडत नाहीत असं त्यांचं मत होतं. ‘पेंबिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकजूट, या नावाने तो संप ओळखला जातो. नऊ दिवसांत २० टक्क्यांचा हिशोब पूर्ण करून मिळाला. पुढे मजुरी २३२ वरून ३०१ वर गेली. मागणी ५०० ची होती, ती पूर्ण झाली नाही. पण आज केरळातला चहा कामगार दिवसाला चारशेच्या वर कमावतो आणि दार्जिलिंगचा दर २५० ठरलेला. तेव्हा ‘चहाला एवढं परवडतच नाही’ हे वाक्य ऐकलं की केरळची आठवण ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर या गोष्टी मालकावर बंधनकारक केल्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांच्यात विलीन झाला. सोयींची जबाबदारी नव्या संहितेतही आहे. वेतन संहितेत मात्र एक बारीक पण महत्त्वाचं कलम आहे. वस्तूंच्या रूपात दिलेल्या मोबदल्याचा वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतचाच भाग वेतन म्हणून धरता येतो. ‘घर देतो, जळण देतो, म्हणून रोख कमी’ या जुन्या युक्तिवादाला त्यामुळे मर्यादा पडू शकते. पण पश्चिम बंगालमध्ये चहासाठी किमान वेतनच ठरलं नाही, तर कलम पुस्तकात राहील. कायदा, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांनी पुढची दोन वर्षं लक्ष ठेवावं अशी ही जागा आहे.

मग जायचं की नाही?

जायचंच. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या बहराच्या वेळी किंवा पाऊस थांबल्यावर, नोव्हेंबरात. जून ते सप्टेंबर सायकल घेऊन या रस्त्याला लागू नका. लहान गिअर, चांगले ब्रेक, दिवा आणि रेनकोट पाहिजेच. उतरताना ब्रेक धरून हात भरून येतात, म्हणून मध्ये मध्ये थांबा.

राहायचं तर वस्तीतल्या होमस्टेत राहा. जेवण, वाट दाखवणं, चहा, सगळ्याचे पैसे त्या घरातच जातात. मळ्यात शिरण्याआधी विचारा, ती कामाची जागा आहे. फोटो काढायचा तर ‘दिदी’ म्हणून आधी परवानगी घ्या. नेपाळीत आणि मराठीत हा शब्द सारखाच कळतो. ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली. चहा विकत घेताना पाकिटावर दार्जिलिंगचं मानांकन चिन्ह आणि मळ्याचं नाव आहे का ते बघा. नाव नसेल तर दुकानदाराला विचारा की हा कुठला. असे प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक जितकं वाढेल, तितकं खोटं दार्जिलिंग विकणं अवघड जाईल.

आणि परत आल्यावर रील टाकाल तेव्हा कॅप्शनमध्ये एक ओळ जास्त लिहा. ज्या उतारावर तुम्हाला धाप लागली, तिथे रोज आठ तास काम करणाऱ्या बाईची मजुरी किती आणि तिच्या घराची जमीन कुणाच्या नावावर. खाली कुणीतरी विचारेलच, ‘खरंच?’ तिथून चर्चा सुरू होऊ दे.